एका कार्डावर दोघी

जावाजावा म्हणजे उभा दावा, असं म्हणणाऱ्यांची पोटं भरलेली असावीत. भांडायलाही अंगात ताकद लागते, आणि भांडून वेगळं निघायचं तर दुसरी खोली लागते. थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या जावांकडे दोन्ही नव्हतं. होती ती एक पत्र्याची खोली, एकीएकीची एकेक मुलगी, आणि दोघींत मिळून एक नोकरी. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला धुलाईखातं होतं. तिथलं कार्ड थोरलीच्या नावाचं होतं, आणि त्या एका कार्डावर सहा वर्षं दोघी आळीपाळीने कामाला जात होत्या.

ही फसवणूक आहे, असं कोणी म्हणेल. आहेच. पण ती सुरू कशी झाली ते आधी ऐकावं, मग नाकं मुरडावीत. थोरलीचा नवरा परांचीवरून पडून गेला. त्याचा पाठचा भाऊ, म्हणजे धाकटीचा नवरा, दुसऱ्या शहरात काम बघतो म्हणून गेला. पहिले काही महिने निरोप आले, मग निरोप आणणारी माणसंच धाकटीला बघून वाट बदलायला लागली. तेव्हा तिची बारकी जेमतेम वर्षाची होती. काखेत पोर घेऊन दाराशी आलेल्या बाईला कोणी कामावर ठेवत नाही, आणि पोर ठेवायची तर कोणाजवळ? थोरली दिवसभर धुलाईत, तिची स्वतःची मुलगीच शेजारपाजारच्या भरवशावर वाढत होती.

शिवाय एका बाईचं अंग त्या कामाला पुरणारं नव्हतं. सात मजल्यांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळे गठ्ठ्यांनी खाली यायचे. गठ्ठे सोडायचे, रक्ताचं वेगळं, घाणीचं वेगळं, सोड्याच्या टाकीत बुडवायचं, मशीनमध्ये कोंबायचं आणि ओलं बाहेर ओढायचं. ओल्या चादरीचं वजन उचलणाऱ्यालाच कळतं. डोक्याशी वाफ आणि पायाखाली गार पाणी. तिशीतल्या बायकांचे खांदे म्हाताऱ्यांसारखे उतरलेले. एकदा थोरली तापाने फणफणली. घरी राहिली तर नाव कापणार, हे ठरलेलं. त्या सकाळी धाकटीने न विचारता कार्ड गळ्यात अडकवलं, टोपी कपाळावर ओढली, मास्क नाकावर चढवला आणि गेली. उघडे राहिले ते डोळे, आणि दमलेल्या बायकांचे डोळे कोण निरखून बघतो? संध्याकाळी परत आली ती दारातच बसली.

"अक्का, तू हे रोज करतेस?"

"मग काय, हवा खायला जाते होय?"

"उद्याही मीच जाते. तू पड."

तिथून हे सुरू झालं. तीन दिवस एकीने जायचं, तीन दिवस दुसरीने. जी घरी राहील तिने पाणी भरायचं, दोन्ही पोरी सांभाळायच्या, आणि कारखान्यातून पोत्याने येणाऱ्या रबरी चपलांमध्ये पट्टे ओवायचे.

धुलाईतल्या मुकादमिणीने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. बोलली काही नाही. रविवारी तिच्या घरी भांडी-फरशीला दोघींपैकी कोण येणार, एवढंच विचारलं. तेव्हापासून दर रविवारी एकजण तिच्या घरची फरशी पुसत होती. बाकीच्या बायकांनाही कळलं होतं, पण ज्याच्या त्याच्या घरात काही ना काही झाकलेलं होतं, म्हणून झाकली मूठ झाकलेलीच राहिली. मध्ये बोटांचे ठसे घेणारं मशीन आलं, तेव्हा आता सगळं उघडं पडणार असं दोघींना वाटलं. पण सोड्याने धुलाईतल्या सगळ्याच बायकांच्या बोटांवरच्या रेघा पुसलेल्या. मशीन एकीलाही ओळखेना. चार दिवस त्याने लाल दिवे दाखवले, मग साहेबांनी त्याच्यावर कापड टाकलं आणि हजेरी पुन्हा मुकादमिणीच्या वहीत आली. "बघ अक्का," धाकटी म्हणाली, "कातडी गेली तरी कुठे कुठे उपयोगाला येते."

ती अशीच होती, रडायच्या गोष्टीवर हसणारी. रोज संध्याकाळी दोघींचा एक कार्यक्रम असे. धाकटी त्याला नर्सांसारखं 'चार्ज देणं' म्हणायची. आज कोण काय बोललं, कोणाची सून बाळंत झाली, कोणाला आपण काय सांगितलं, सगळं जिने पाहिलं तिने दुसरीला सांगायचं, म्हणजे उद्या दुसरी तिथूनच पुढे चालू. एकदा धाकटी ढकलगाडीवाल्याशी कडाकडा भांडली आणि चार्ज द्यायला विसरली. दुसऱ्या दिवशी थोरली त्याच्याशी हसून बोलली. तो बिचारा इतका घाबरला की महिनाभर आपणहून गठ्ठे उचलून देत होता.

कार्डावर जे असेल तेच खरं, हा त्यांचा नियम होता. इस्पितळाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की धाकटीला एक मुलगी, सातवीत, नवरा वारलेला, वय चार वर्षांनी जास्त. थोरलीच्या हातात दोन वर्षांपूर्वी चादरीत राहिलेली सुई घुसली होती, हात कोपरापर्यंत सुजला होता, तीन दिवस वॉर्डात पडून इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ते तिच्या फाइलीत लिहिलं होतं. म्हणून धाकटीसुद्धा कोणी विचारलं तर डावा हात दाखवून म्हणायची, "हो ना, इथेच घुसली होती. फार ठणकायचं." खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं की कधी कधी थोरलीलाच वाटायचं, सुई नक्की कोणाला लागली होती?

मग थंडीत धाकटीला खोकला धरला. आधी तिने तो चेष्टेवारी नेला, मग काढ्यावर नेला, आठव्या दिवशी तिला चार पावलं टाकली तरी धाप लागायला लागली. ओठ निळसर दिसायला लागले. बाहेरच्या डॉक्टरकडे दाखल करायचं म्हणजे यांनी स्वतःला विकलं तरी पुरणार नव्हतं. धुलाईच्या कार्डावर मात्र त्याच इस्पितळात औषधपाणी फुकट होतं, त्या कार्डवालीला. थोरलीने कार्ड धाकटीच्या गळ्यात घातलं आणि तिला रिक्षात बसवून नेलं. तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. मनगटाला पट्टी बांधली, तिच्यावर थोरलीचं नाव. फाइल आली तीही थोरलीचीच. थोरली शेजारी उभी राहिली आणि "तुम्ही कोण?" म्हटल्यावर म्हणाली, "मी तिची जाऊ." तेवढं मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स ट्रे घेऊन आली. फाइल उघडून तिने आधी धाकटीला विचारलं, पण धाकटी तापात होती, तिच्या तोंडून नुसता श्वास येत होता. मग नर्सने थोरलीकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी इंजेक्शन बदललंय. मागे हाताला सूज आली होती तेव्हा हेच दिलं होतं, इथे लिहिलंय. तेव्हा काही त्रास झाला होता का? पुरळ, सूज, श्वास लागणं?"

"छे, काही नाही," थोरली चटकन म्हणाली. "दोन दिवसांत हात उतरला."

"बरं झालं. खालून सलाईनची बाटली आली की त्यातून लावते. तुम्ही यांच्यासाठी पाणी भरून आणा तोवर."

थोरली पाण्याची बाटली घेऊन निघाली. पाण्याचा नळ तळमजल्यावर होता. पहिला जिना उतरली, दुसरा उतरायला लागली, आणि मधल्या पायरीवर तिचे पाय थांबले. आपण कोणाच्या हाताचं बोललो?

मागच्या वर्षी, घरच्या पाळीच्या दिवशी, धाकटीने गल्लीतल्या डॉक्टरकडून घसादुखीवर इंजेक्शन घेतलं होतं. घरी येईपर्यंत तिचे ओठ भजीसारखे फुगले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तोच डॉक्टर धावत आला, दुसरं काहीतरी टोचलं, घाम पुसत बसला आणि म्हणाला, "हे हिला पुन्हा कधी द्यायचं नाही. जिथे जाल तिथे आधी सांगायचं." औषधाचं नाव त्याने दोघींकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. आणि तेच नाव थोरलीला तिच्या वेळच्या वॉर्डातून पाठ होतं, कारण तेव्हा नर्सा ते दिवसातून चार वेळा घ्यायच्या. हे सगळं थोरलीला माहीत होतं. सहा वर्षांची सवय तिच्याआधी बोलून गेली.

ती उलट्या पावली वर धावली. धापा टाकत वॉर्डाच्या दारापर्यंत आली आणि तिथे थबकली. नर्सांच्या टेबलापाशी कार्ड तपासणारा बाबू उभा होता. गेल्याच आठवड्यात त्याने दुसऱ्याच्या कार्डावर पडलेला एक म्हातारा पकडला होता. म्हाताऱ्याला खाटेवरून उठवलं, आणि ज्या भाच्याचं कार्ड होतं त्या शिपायाची नोकरी त्याच दिवशी गेली. सगळ्या इस्पितळात ती गोष्ट झाली होती.

आता आत जाऊन सांगायचं तर काय सांगायचं? 'ही ती नव्हे' असं सांगायचं. मग तो बाबू मान वर करणार. मग खाट जाणार, औषध जाणार, कार्ड जाणार, आणि दोन पोरींना घेऊन कुठे जायचं? थोरलीने मनाशी म्हटलं, बाटली अजून खालून यायचीय. हा जाईल एवढ्यात. गेला की नर्सच्या कानात सांगू, पाया पडू. बाबू एका नर्सला काहीतरी विनोद सांगत होता. नर्स हसली. मग त्याला सही करायची होती आणि खिशात पेन सापडेना. त्याने वरचा खिसा बघितला, मागचा बघितला, टेबलावरचे कागद उचलून बघितले. थोरली दाराच्या चौकटीला धरून त्याचं पेन सापडायची वाट बघत उभी राहिली. किती वेळ, ते तिला कधीच कोणी विचारलं नाही. पण तिला ते पक्कं माहीत होतं. आत धावत जाऊन एक वाक्य बोलायला लागेल त्याच्या दहापट तरी.

पेन कानावर होतं. तो गेला. थोरली आत शिरली तेव्हा दुसरीच एक नर्स धाकटीच्या खाटेशी होती आणि बाटली टांगलेली होती.

"काढा!" थोरली ओरडली. "ते काढा, तिला चालत नाही!"

काढलं. डॉक्टर धावले, पडदा ओढला, थोरलीला बाहेर ढकललं. पडद्याखालून तिला नुसते पाय दिसत होते, डॉक्टरांचे आणि नर्सांचे, इकडून तिकडे पळणारे. आधीच थकलेलं शरीर होतं, फुप्फुसात पाणी झालेलं. अर्ध्या तासाने पाय पळायचे थांबले.

"फाइलीत तर काहीच नव्हतं," पहिली नर्स रडवेली होऊन म्हणत होती. "मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात ना, काही झालं नव्हतं?"

"हो," थोरली म्हणाली. "मीच म्हणाले."

कागद पुढे आला. मृताचं नाव म्हणून वर थोरलीचं नाव आधीच लिहिलेलं होतं. खाली नातेवाइकाची सही हवी होती. तिने पेन घेतलं आणि धाकटीचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याचीच तिला नंतर लाज वाटत राहिली.

गल्लीतल्या बायकांनी दोन दिवस घरात चूल पेटू दिली नाही, डबे आणून दिले. कोण गेलं ते गल्लीला माहीत होतंच, आणि कोणत्या नावाने गेलं तेही लवकरच कळलं. कोणी त्यावर अक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमीण आली. पोत्यावर बसली, पदराने वारा घेतला, आणि पोरींना बाहेर पाठवून सरळ मुद्द्यावर आली.

"आता नीट ऐक. कागदावर तू मेलीस. आता मेलेलीच राहा."

"आणि ती?"

"ती जिवंत आहे. नोकरीत असताना बाई गेली की तिच्या जागी घरातल्या एका बाईला घेतात. तुझ्या जागी तुझी जाऊ अर्ज करणार. म्हणजे तू."

थोरलीने पोत्यातून सांडलेले पट्टे गोळा केले. मग म्हणाली, "आणि मी खरं सांगितलं तर?"

"सांग की. कार्ड दुसरीला दिलं म्हणून नोकरी जाईल, इस्पितळाला फसवलं म्हणून केस होईल. माझी वही काढतील, मग मीही तुझ्या शेजारी. आणि एवढं करून ती उठून येणार आहे का?" मुकादमिणीचा आवाज जरा खाली आला. "रडायचं असेल तर आता रडून घे. पण रोज मरे त्याला कोण रडे, बाई? सोमवारी अर्ज द्यायचाय."

थोरलीला तिला सांगायचं होतं. नोकरीचं नाही, दाराचं. मी दारात उभी राहिले होते, एका माणसाचं पेन सापडेपर्यंत, असं कोणाच्या तरी पायाशी बसून सांगावं असं तिला फार वाटत होतं. पण ज्या एकीला ती रोज संध्याकाळी सगळं सांगायची, तीच गेली होती. मुकादमिणीला ती म्हणाली, "काय काय कागद लागतील?"

"कागदांचं मी बघते. अडचण पोरींची आहे. बाहेरच्याच बायका नातं लावून घुसतात, म्हणून मोठा बाबू पोरांना समोर उभं करून विचारतो. दोघींना पढवून ठेव."

थोरलीची मुलगी तेरा वर्षांची होती. बारकी तिला ताई म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच ताई म्हणायची. बारकी सात वर्षांची. थोरलीने दोघींना समोर बसवलं आणि शिकवलं. ताईने आईला काकू म्हणायचं, धाकटीला म्हणायची तसं, आणि विचारलं तर सांगायचं, माझी आई वारली. बारकी थोरलीला मोठी आई म्हणायची. तिने फक्त 'मोठी' गाळायचं.

ताईने मान वळवली. "मी नाही म्हणणार."

"अगं, नुसतं म्हणायचं आहे."

"असं म्हटलं की खरंच होतं. मी म्हणेन आणि तू मरशील."

"मी कुठली मरते? बघ, धडधाकट आहे."

"काकूपण असंच म्हणाली होती, इस्पितळात जाताना."

 थोरलीने ताईच्या पाठीत एक धपाटा घातला, मग स्वतःच रडायला लागली. ताईही रडली. बारकी मात्र कोपऱ्यात बसून तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होती, "आई. ही माझी आई. आई, चल ना." एका दुपारीत तिला आलं. पोरगी हुशारच होती, आईवर गेलेली.

मोठ्या बाबूचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. टेबलावर फाइलींचे ढीग आणि साय धरलेला चहा.  थोरलीच्या तोंडाला मास्क नव्हता. सहा वर्षांत तिचं तोंड या इमारतीत कोणी धड पाहिलं नव्हतं. तरी फाइलीतला स्वतःचा जुना, पुसट झालेला फोटो उघडा पडलेला बघून तिने खाली मान घातली. बाबू माणूस वाईट नव्हता. त्याने मुलींना खुर्च्या दिल्या.

"तू मोठी ना? म्हणजे गेलेल्या बाईंची मुलगी?"

ताईने मान हलवली.

"बाळ, तोंडाने सांगावं लागतं. आई कुठे आहे तुझी?"

ताईने थोरलीकडे पाहिलं. समोर, हातभर अंतरावर, आई उभी होती. थोरलीने डोळ्यांनी तिच्या पाया पडावं तसं पाहिलं. 

"वारली," ताई म्हणाली. आवाज स्वच्छ आला. आणि म्हणून झाल्याबरोबर तिला इतकं रडू फुटलं की बाबू खुर्चीतून उठला. खरंच मेली असती तरी ती याहून जास्त रडली नसती. बाबूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खणातून बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात दिला. "रड बाळ, रड. आईसाठी नाही रडायचं तर कोणासाठी? काकू आहे ना तुझी, ती सांभाळेल."

मग त्याचं लक्ष बारकीकडे गेलं. बारकी खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांड्यांखाली घालून. तिची हनुवटी थरथरत होती आणि डोळ्यांत पाणी काठोकाठ आलं होतं. 

"आणि तू गं? ही तुझी आई ना?"

"हो."

"मग तू का रडतेस? तुझी आई तर आहे."

बारकीने थोरलीकडे पाहिलं नाही. तिने नाक ओढलं आणि बाबूला सांगितलं, "ताईची आई मेली म्हणून."

"बघा," बाबू थोरलीला म्हणाला, आणि त्याने चष्मा काढून पुसला. "किती माया असते पोरांना. नाहीतर आपण मोठी माणसं." त्याने कागदावर सही केली, शिक्का मारला. महिनाअखेर नवं कार्ड मिळेल, तोवर या चिठ्ठीवर कामावर यायचं. चिठ्ठीवर धाकटीचं नाव होतं. थोरलीने ती दोन्ही हातांनी घेतली.

तिघी घरी आल्या. खोलीत शिरल्यावर थोरलीने दार लावून घेतलं, बारकीला समोर उभं केलं, तिचे खांदे धरले.

"रड आता. पोटभर रड. तुझी आई गेलीय, तुझी. आता कोणी बघत नाही."

बारकीने खरंच प्रयत्न केला. तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, श्वास आत ओढून धरला. मग डोळे उघडून म्हणाली, "येत नाही."

ताईने पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट तिला दिलं. बारकी ते कुरतडत भिंतीला टेकून बसली. थोडं खाल्ल्यावर तिने विचारलं, "उद्यापासून कामावर तू एकटीच जाणार?"

"हो."

"रोज?"

"रोज. आता पाळी कोणाशी लावू?"

"मग चपला मी आणि ताई ओवू. आई, पाणी कितीला येतं, ते सांगून ठेव."

'आई' ऐकून थोरली म्हणाली, "अगं, घरात कशाला तसं? घरात मोठी आईच म्हण. आईची जागा आईची."

बारकीने मान हलवली. तिने हातावरचा भुगा चाटून घेतला आणि शहाण्या माणसासारखं समजावून सांगितलं.

"नको. सवय मोडेल. मग बाहेर चुकून तोंडातून जाईल."

थोरलीला तिला ओढून छातीशी धरायचं होतं. तिचे हात पुढेही झाले, पण पोरीपर्यंत जाण्याची त्यांची हिंमत झाली नाही. ती तशीच खाली बसली, पट्ट्यांचं पोतं पुढे ओढलं आणि पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरायचे, नळावर कोणाशी भांडायचं नाही, हे सगळं बारकीला एकेक करून सांगायला लागली. बारकी मान डोलावत ऐकत होती, आणि प्रत्येक वाक्याला म्हणत होती, "हो आई."